घरमालकाचे पित्सेले

कोलोनमध्ये भाड्याचं घर मिळवणं हे काय दिव्य असतं, ते ज्यानं केलंय त्यालाच ठाऊक. घर बघायच्या कार्यक्रमाला जिन्यापासून फुटपाथपर्यंत रांग, प्रत्येकाच्या हातात फाइल आणि तोंडावर दाखवायला आणलेल्या मुलीचं हसू. आम्ही दोघं नवीन लग्न झालेले. समीर साचे बनवणाऱ्या कंपनीत इंजिनिअर, पगार बरा, कागद चोख. पण आमची नावं वाचली की लोक 'कळवतो' म्हणायचे आणि कळवायचे नाहीत. त्याच्या एका मित्राच्या बैठकीत गादी टाकून आम्ही राहत होतो, आणि मित्राची बायको चहा देताना आता कप जरा जोरात ठेवायला लागली होती. अशात निप्पेस भागातलं एक जुनं घर बघायला गेलो.

दारात घरमालक उभे होते. सत्तरी कधीच ओलांडलेली, अंगानं काटक, भुवया अशा जाड की पावसात छत्री लागू नये. गळ्यात टाय आणि टायवर एप्रन. समीरनं फाइल पुढे केली, तिच्याकडे त्यांनी बघितलंही नाही.

"तुमच्या देशात स्वयंपाक कशावर करतात? गॅसवर की विजेवर?"

समीर आपला भाबडेपणानं सांगायला लागला की आता आमच्याकडे इंडक्शनसुद्धा आलंय. मी त्याच्या बुटावर बूट ठेवला.

"गॅसवर," मी म्हटलं. "माझ्या आईकडे गॅस, सासूकडे गॅस, सगळीकडे गॅस."

"गेनाऊ," मालक म्हणाले. म्हणजे अगदी बरोबर. "मग राहायला कधी येताय?"

आमच्या मागे एक जर्मन जोडपं उभं होतं, दोघंही डॉक्टर. त्यांना मालकांनी घर गेलं म्हणून सांगून टाकलं. मला त्या दोघांचं वाईट वाटलं, पण जिना उतरेपर्यंतच.

या गॅसचं नंतर कळलं. जर्मनीत घरोघरी विजेच्या शेगड्या, आणि आमच्या मालकांनी मात्र स्वतःच्या घरात आणि वरच्या भाड्याच्या फ्लॅटमध्ये हट्टानं गॅस ठेवलेला. "ज्याला ज्योत दिसत नाही त्याला आपण काय करतोय तेच दिसत नाही," असं त्यांचं म्हणणं. एवढ्या एका कसोटीवर ते माणसं पास-नापास करायचे. आधीचा भाडेकरू सज्जन होता, पण त्यानं विजेवरची छोटी शेगडी आणली. मालक त्याच्याशी पुन्हा नीट बोलले नाहीत.

राहायला गेल्यावर पहिल्याच दिवशी मी फुलके करत होते. दार ठोठावलं. मालक म्हणाले, खाली वास आला, काही जळतंय का बघायला आलो. मी हातातला फुलका चिमट्यानं ज्योतीवर धरला आणि तो टम्म फुगला. मालकांनी डोक्यावरची टोपी काढून हातात घेतली आणि आणखी एक करून दाखवायला सांगितलं. मी करत गेले, ते बघत गेले. समीर ऑफिसातून आला तोवर फुलक्यांची चळत झाली होती आणि भाजीचा पत्ता नव्हता.

मालक मूळचे इटलीतल्या आब्रुत्सो नावाच्या डोंगराळ मुलखातले. ऐन तरुणपणी कामगार म्हणून इकडे आले, गाड्यांच्या कारखान्यात राबले, युनियनचे पुढारी झाले, पोटाला चिमटा काढून हे घर घेतलं. माणूस कट्टर लाल. देव, पाद्री, चर्च यांचं नाव काढलं तरी भुवया वर जायच्या. बायको मात्र देवभोळी. दर रविवारी मालक तिची पर्स हातात घेऊन तिला चर्चच्या दारापर्यंत सोडायचे आणि आत न जाता समोरच्या बाकावर पेपर वाचत बसायचे. बर्फ पडत असला तरी बाकावरच. आम्ही राहायला गेलो तेव्हा बायको जाऊन फार दिवस झाले नव्हते. रविवारी मालक तरीही पेपर घेऊन त्याच बाकावर जाऊन बसायचे. मी एकदा विचारलं तर म्हणाले, "मी पेपर वाचायला जातो. पूर्वीही त्यासाठीच जायचो."

शब्दाला असा पक्का माणूस मी दुसरा बघितला नाही, आणि पक्का म्हणजे कधीकधी ताप व्हावा इतका. समोरच्या बेकरीवाल्यानं कधीकाळी त्यांना म्हटलं होतं की तुम्हा इटालियन लोकांना पाव कळत नाही. त्या दिवसापासून मालकांनी त्या दुकानाची पायरी चढली नाही. पावासाठी दोन गल्ल्या लांब जायचे. तो बेकरीवाला म्हातारा होऊन निघून गेला, त्या जागी दुसरा आला, मग तिसरा आला. मी म्हटलं, आता तरी जा की हो. तर म्हणे, "माणूस बदलला. दुकान तेच आहे ना?"

बायको गेल्यापासून त्यांना एक खोड लागली होती. काहीही नवीन घ्यायची वेळ आली की म्हणायचे, "माझं काय, मी आता प्लॅटफॉर्मवर उभा असलेला माणूस. गाडी आली की चाललो." कोटाचं अस्तर फाटलं, तरी आता कशाला. जिन्यातला दिवा गेला, तर मुलगी लावेल नंतर. मीठसुद्धा लहानात लहान पुडी. आणि हे रडून नाही हो, अगदी मजेत, टायची गाठ सारखी करत. मला एकदा जिन्यात थांबवून त्यांनी नीट समजावून सांगितलं होतं, "सकाळी मी उठलो नाही, तर आधी गॅस बंद करायचा, मग माझ्या मुलीला फोन. उलटं करायचं नाही." मी म्हणणार होते, असं अभद्र बोलू नये. पण 'अभद्र'ला जर्मन शब्द काही सापडेना, त्यामुळे माझा निषेध तिथंच विरला.

हा प्लॅटफॉर्मवरचा माणूस आठवड्यातून एकच दिवस गाडीची वाट बघत नसे. तो दिवस शनिवार. शनिवारी ते पित्सेले करायचे.

पित्सेला म्हणजे त्यांच्या मुलखातलं पातळ, गोल, नक्षीदार बिस्किट. एक पित्सेला, दोन पित्सेले, अगदी आपल्या घोडा-घोडे सारखं, त्यामुळे हा इटालियन शब्द मला पहिल्या दिवसापासून घरचा वाटला. अंडी, साखर, लोणी, मैदा आणि आनीस, म्हणजे आपल्या बडीशेपेची एक बारकी, जरा उग्र चुलत बहीण. सगळं कालवून घट्टसर पीठ करायचं. साचा लोखंडाचा, बायकोच्या माहेरून आलेला. दोन गोल तबकड्या एका बाजूला बिजागरीनं जोडलेल्या आणि दोन लांबलचक दांडे. आतून नक्षी, एकीकडे फूल, दुसरीकडे जाळी. चमचाभर पीठ मध्ये घालायचं, दांडे दाबायचे आणि साचा थेट ज्योतीवर धरायचा. एक बाजू झाली की फिरवून दुसरी. विजेच्या शेगडीवर हे जमतच नाही, आणि विजेवर चालणारं पित्सेल्याचं यंत्र मिळतं असं कोणी म्हटलं तर मालक ऐकू न आल्यासारखं करायचे.

आता किती वेळ धरायचा, तर त्यांच्याकडच्या बायका म्हणे घड्याळ बघत नाहीत. एका बाजूला एक प्रार्थना म्हणतात, दुसऱ्या बाजूला दुसरी. बायको तसंच करायची. मालक पडले लाल, ते कसली प्रार्थना म्हणतात? पण वेळ तर मोजायला हवी. म्हणून त्यांनी स्वतःची गाडी काढली होती. तरुणपणी ज्या गाडीनं ते इकडे आले, तिची स्टेशनं. साचा ज्योतीवर ठेवला की सुरू. सुल्मोना, पेस्कारा, आंकोना, रिमिनी, बोलोन्या, मिलान, कियास्सो. कियास्सोला इटलीची हद्द संपते, तिथं साचा फिरवायचा. मग लुगानो, लुत्सर्न, बाझेल, फ्रायबुर्ग, कार्ल्सरूह, मानहाइम, माइन्त्स, बॉन, आणि कोलोनला साचा उघडायचा. बारीक सोनेरी पित्सेला अलगद सुटून यायचा. मी एकदा त्यांच्या समोर सांगली-पुणे म्हणून बघितलं. पण आमची गाडी कुठं ना कुठं क्रॉसिंगला थांबणारच, ती सवय माझ्या जिभेलाही. लोणंदपर्यंत पोचेतो पित्सेला करपला होता.

साचा कोणाच्या हातात द्यायचे नाहीत. मला दाखवायला म्हणून एकदाच दिला होता, तोही दांड्याला स्वतःचा हात ठेवून. काळाकुळकुळीत होता तो, आतून गुळगुळीत, नक्षीच्या खाचांत वर्षानुवर्षांचं लोणी मुरलेलं. पहिला पित्सेला नेहमी बिघडायचा, अर्धवट तुटून यायचा. तो बाजूला ठेवत मालक म्हणायचे, "पहिला सासूचा." साचा सासूच्या घरचा, म्हणून बिघडलेला माल तिच्या नावावर.

त्यामुळे माझ्या सासूबाई सांगलीहून तीन महिन्यांसाठी आमच्याकडे आल्या तेव्हा मला जरा धाकधूक होती. पहिल्याच शनिवारी मालकांनी त्यांना खाली बोलावलं, खुर्ची दिली आणि पहिला तुटका पित्सेला बशीत घालून मोठ्या आदरानं पुढे केला. का ते मी काही आईंना सांगितलं नाही.

"अंडं आहे ना गं यात?" आई म्हणाल्या.

"आहे."

"मग खात नाही म्हणावं. पण बघते." त्यांनी तुकडा कानाशी नेऊन मोडला. "कुरकुरीत आहे. हात चांगलाय बाबांचा."

मी जर्मनमध्ये सांगितलं. मालकांना इतका आनंद झाला की त्यानंतर प्रत्येक घाणा आईंच्या कानाशी मोडून पास व्हायला लागला. ते त्यांना 'मामा' म्हणायचे, म्हणजे इटालियनमध्ये आई. "मी मामा कशी?" आई म्हणायच्या, "आत्या म्हणा हवं तर." दोघांना एकमेकांचं अक्षर कळत नव्हतं, आणि दोघंही आपापल्या भाषेत खुशाल सूचना करायचे. आई मराठीत सांगायच्या, ज्योत मोठी झाली. मालक इटालियनमध्ये सांगायचे, ज्योत मोठीच लागते. माझी मध्ये गरजच नसायची.

त्याच उन्हाळ्यात मालकांच्या नातीचं लग्न ठरलं. मुलगी ड्रेस्डेनला असायची, पण नात कोलोनमध्येच नोकरीला, तेव्हा लग्न इथंच. आब्रुत्सोत लग्न म्हटलं की पित्सेले हवेतच. प्रत्येक पाहुण्याच्या ताटाशी दोन पित्सेले, रिबिनीनं बांधलेले, आणि ते मुलीकडच्या घरात केलेले. मालक लग्नाच्या तयारीला असे लागले की प्लॅटफॉर्म, गाडी सगळं विसरले. मुलीचा फोन आला, "पापा, तुमचा खांदा दुखतो, एवढे कसे करणार? कोंडिटोरायमधून मागवू." कोंडिटोराय म्हणजे केक-बिस्किटांचं दुकान. मालक म्हणाले, "मागव. पण दुकानचे पित्सेले ठेवलेस तर मी येणार नाही." आणि फोन ठेवला.

मुलीनं लगेच मला फोन केला. म्हणाली, तुम्ही वर राहता, जरा समजवा त्यांना. मी म्हटलं, समोरच्या बेकरीचं माहीत आहे ना तुम्हाला? तिला आमच्याहून जास्त माहीत होतं.

लग्नाला आठवडा राहिला आणि साच्याच्या बिजागरीनं दगा दिला. खिळा झिजला होता. तबकड्या एकमेकींवर नीट बसेनात, एका बाजूनं पीठ बाहेर यायला लागलं. मालकांनी तार गुंडाळून बघितली, हातोडीनं ठोकून बघितलं, आणि शेवटी जिना चढून वर आले. साचा टॉवेलात गुंडाळलेला. समीरच्या हातात देताना म्हणाले, "फक्त खिळा."

समीरला काय, स्वर्ग दोन बोटं उरला. त्याच्या कंपनीत असली कामं चुटकीसरशी होतात. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी साचा घेऊन आला तो असा मिरवत, जणू पोराचा निकाल आणलाय. टॉवेल उघडला. आत चांदीसारखी लखलखीत वस्तू. नवा खिळा तर घातलाच होता, पण आपल्या लोकांचं प्रेम खिळ्यावर भागतं होय? त्यानं आणि त्याच्या औरंगाबादच्या सहकाऱ्यानं मिळून काचेच्या बारीक मण्यांचा मारा करून तो साचा आतबाहेर स्वच्छ केला होता. नक्षीतली पाकळी न् पाकळी मोकळी. "किती घाण बसली होती माहितेय?" समीर म्हणाला. "फ्री ऑफ चार्ज करून दिलं सगळं."

आई पोळ्या लाटत होत्या. त्यांनी मान वर करून बघितलं आणि लाटणं खाली ठेवलं.

"मेल्या, बिडाचा तवा कोणी घासतं का?"

तेवढ्यात मालक आलेच. त्यांनी साचा हातात घेतला, उघडला, मिटला, पुन्हा उघडला. बिजागरी सुरेख चालत होती. "श्योन," म्हणाले. छान आहे. "दांके." आभार. आणि जिना उतरून गेले. मला वाटलं ओरडतील, ओरडले असते तर बरं झालं असतं.

मी खाली गेले. स्वयंपाकघरात साचा टेबलावर, मालक खुर्चीत, गॅस बंद. एक पित्सेला करून बघितला होता, तो दोन्हीकडे चिकटून फाटला होता. मी माफी मागायला लागले, समीरचा हेतू वगैरे. त्यांनी हातानं थांबवलं.

"त्या काळ्यात ती होती," ते म्हणाले. "तिनं केलेल्या प्रत्येक पित्सेल्याचं थोडं थोडं आत राहिलं होतं. मी आपला त्याच्यावर करत होतो. माझं काही नव्हतं त्यात."

मला रडू आलं. मालक रडले नाहीत. त्यांनी उठून मुलीला फोन लावला आणि माझ्यासमोरच सांगितलं, दुकानातून मागव, मी येत नाही. पलीकडून मुलगी काहीतरी म्हणत होती, मग मोठ्यानं म्हणायला लागली, मग तीही रडायला लागली. एकुलत्या एका नातीचं लग्न, आणि हा माणूस येणार नाही म्हणजे येणारच नाही, हे तिला कळत होतं, मला कळत होतं आणि सगळ्यात जास्त त्यांना स्वतःला कळत होतं.

वर आले तर समीर सोफ्यावर डोकं धरून बसलेला आणि आई त्याची हजेरी घेतायत. "शिकलास मोठा, पण घरातला तवा कधी बघितला नाहीस. चमकतंय तेवढंच चांगलं वाटतं तुम्हाला." माझं सगळं ऐकून घेतल्यावर त्यांनी पदर खोचला. "कांदा दे एक. मोठा बघून दे. आणि शेंगदाण्याचं तेल."

कांदा अर्धा कापून त्यांनी काट्याला टोचला आणि आम्ही दोघी खाली गेलो. नवा बिडाचा तवा आपल्याकडे असाच तर तयार करतात. तापवायचा, तेलात बुडवलेला कांदा फिरवायचा, धूर निघू द्यायचा, निवू द्यायचा, परत तापवायचा. आईंनी न विचारता गॅस पेटवला. मालकांनी कांदा बघितला आणि खुर्चीतून उठलेच.

"त्स्वीबेल? पित्सेल्याला कांदा? नाइन!"

"बाबा, तुम्ही बसा."

"तिला सांग, हे गोड असतं. लग्नाचं असतं."

"त्यांना सांग, वास जातो. आमच्या तव्यावर गोड धिरडी होतात."

"मेलेल्या माणसाच्या वस्तूला कांदा फासतेय ही बाई."

हे मात्र मी भाषांतर केलं नाही. पण आईंना कळलं असावं. त्या थांबल्या, मागे वळल्या आणि एकदम हळू आवाजात म्हणाल्या, "अगं, त्यांना सांग, समीरचे बाबा गेले तेव्हा मी त्यांची सायकल कोणाला पुसू दिली नव्हती. मला समजतं. पण गेलेलं काळं काही परत येत नाही. नवीन धरावं लागतं. त्याला आच लागते आणि बसून राहायला माणूस लागतो. मी बसते."

मी सांगितलं. मालकांनी आईंच्या हातातला काटा घेतला आणि कांदा स्वतः फिरवायला लागले. आई शेजारी बसून नुसत्या मान हलवत होत्या, आता थांबा, आता लावा.

धूर असा झाला की छतावरचा धुराचा भोंगा केकाटायला लागला. मालकांनी खिडक्या उघडल्या, खुर्चीवर चढले आणि त्या भोंग्याला बायकोची आंघोळीची प्लास्टिकची टोपी घालून टाकली. शेजारची जर्मन बाई खिडकीतून विचारती झाली, आग लागली आहे का? "नाही," मालक ओरडले, "लग्न आहे."

पुढचे दिवस खालच्या स्वयंपाकघरात हेच चाललं होतं. समीर कामावरून आला की शिक्षा भोगल्यासारखा दांडे धरायचा, कारण मालकांचा खांदा खरंच दुखत होता. हो, साचा त्याच्या हातात दिला त्यांनी. म्हणाले, बिघडवायचं होतं तेवढं यानं बिघडवलंय, आता याच्या हातात द्यायला भीती कसली. चिकटलेले, फाटलेले, कांद्याचा वास येणारे पित्सेले बादलीभर झाले. कबुतरांनीसुद्धा ते टाकून दिले. नंतर नंतर कांद्याचा वास गेला पण तुकडेच पडायचे, तेव्हा मी त्यांचा चुरा करून तुपात लाडू वळले. मालकांनी खाल्ले आणि विचारलं, हे कोणत्या लग्नाला करतात?

मग एका संध्याकाळी पित्सेला अख्खा सुटून आला. पण करपलेला. पुन्हा केला, पुन्हा करपला. समीर म्हणाला, वरचा थर गेल्यामुळे लोखंड लवकर तापतंय, वेळ कमी करायला हवी. इंजिनिअर इतक्या दिवसांत पहिल्यांदा कामाचं बोलला. मालकांनी विचार केला. सुल्मोनाहून निघून उपयोग नव्हता. त्यांनी पहिल्या बाजूला गाडी बोलोन्याहून सोडून बघितली आणि दुसऱ्या बाजूला बाझेलहून. कोलोन आलं, साचा उघडला, आणि आत सोनेरी, पातळ, फुलाची प्रत्येक पाकळी दिसणारा पित्सेला. इतकी स्पष्ट नक्षी मी त्या साच्यात कधी बघितली नव्हती. मालकांनी तो उचलून आईंच्या हातात दिला.

आईंनी कानाशी नेऊन मोडला. आम्ही सगळे त्यांच्या तोंडाकडे बघत होतो.

"झालं म्हणावं," आई म्हणाल्या. "घ्या करायला."

मालकांनी हात पुसले आणि मुलीला फोन लावला. "दुकानाला नाही म्हणून सांग," एवढंच बोलले. तिनं खरं तर दुकानाला कळवलंच नव्हतं. बाप तिचा होता, तिलाही थोडी आशा असणारच.

लग्नाला आम्ही तिघंही गेलो. आई नऊवारीत, त्यामुळे निम्मे फोटो त्यांचेच. नवरी गोड होती, आजोबांच्याच भुवया, फक्त कोरलेल्या. प्रत्येक ताटाशी दोन पित्सेले निळ्या रिबिनीत. मालक जेवले नाहीतच, टेबलांमधून फिरत कोण मोडतंय, कोण खातंय, ते बघत होते. एका म्हाताऱ्या बाईनं आपले दोन पित्सेले गुपचूप पर्समध्ये घातले, ते त्यांनी बघितलं आणि मला कोपरानं ढोसलं. नाचताना खांद्याची तक्रार काही दिसली नाही.

त्यानंतरच्या शनिवारी मालक साचा घेऊन वर आले. आईंचं परतीचं विमान जवळ आलं होतं, बॅगा उघड्या पडल्या होत्या. समीरनं पुन्हा एकदा सॉरी म्हणायला तोंड उघडलं, त्यांनी त्याच्या पाठीवर थाप मारून गप्प केलं. साचा उघडून त्यांनी आईंसमोर धरला. चांदीची झळाळी गेली होती, आतून फिकट तपकिरी रंग धरायला लागला होता.

"मामाला विचार," ते मला म्हणाले, "पूर्वीसारखा काळा व्हायला किती दिवस लागतील?"

आईंनी चष्मा लावला, बोट फिरवून बघितलं. "दिवस कसले? वर्षं म्हणावं. माझ्या तव्याला दहा-बारा लागली, तीही मी रोज आंबोळ्या घालत होते म्हणून. आठवड्यातनं एकदा पेटवून काय होणार याचं?"

हे त्यांना कसं सांगायचं? या वयात दहा-बारा वर्षं म्हणजे काय, ते त्यांनाही कळत होतं. एकदा वाटलं, दोन-तीन म्हणून टाकावं. पण आई समोर बसलेल्या, आणि मालक माझ्या तोंडाकडे बघत होते. मी जसंच्या तसं सांगितलं.

मालकांनी साचा मिटला आणि टॉवेलात नीट गुंडाळला.

"आल्झो," ते म्हणाले, "मग नुसत्या शनिवारनं भागायचं नाही. बुधवारीपण पेटवावा लागेल."

आणि अंडी आणायला गेले.